ब्लू मूनवर दीड तास: नारायण पेठेतल्या एका इंग्लिश क्लासचा रिव्ह्यू

आधीच सांगते, क्लासचं नाव टाकणार नाहीये. मॅडमनीच बजावलंय की लिहायचं तर खुशाल लिहा, बरंवाईट काय वाटेल ते लिहा, पण नाव नको, बॅच आधीच भरलेली असते आणि फोन घ्यायला माझ्याकडे माणूस नाही. धंदा वाढू नये म्हणून काळजी घेणारी माणसं पेठांमध्ये अजून आहेत. ज्यांना खरंच यायचंय त्यांनी केळकर रोडच्या आतल्या बाजूला दोन-तीन दुकानांत विचारावं, सापडतं.

तर हा नेहमीचा स्पोकन इंग्लिशचा क्लास नाही. टेन्सेस नाहीत, पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट नाही, उभं राहून "माय सेल्फ अमुक अमुक" तर नाहीच नाही. इथे फक्त रोजच्या बोलण्यात येणारे इंग्लिश वाक्प्रचार शिकवतात आणि तेही एका शनिवारी एकच. हो, एकच. दीड तास एक वाक्प्रचार. फी साडेचार हजार, तीन महिन्यांचे शनिवार धरले तर बाराएक वाक्प्रचार होतात, म्हणजे एकेक जवळपास पावणेचारशेला पडला, आणि तिकडे अप्पा बळवंत चौकात त्याच पैशात हजारो वाक्प्रचारांची जाडजूड पुस्तकं मिळतात, वर दुकानदार दहा टक्के सोडतो ते वेगळंच. तरी मी म्हणेन पैसे वसूल आहेत. का ते सांगते, आणि कुठे वसूल नाहीत तेही सांगते.

जागेबद्दल आधी लिहून टाकते कारण बऱ्याच जणांचं तिथेच अडतं. जुना वाडा, दुसरा मजला, जिना लाकडी आणि अंधारा, गुडघ्यांचा त्रास असेल तर विचार करून या. गाडी आणायच्या भानगडीत पडू नका, पार्किंगच्या पी वन पी टू पाट्या वाचेपर्यंत पाच वाजून जातात आणि पाच वाजून पाच मिनिटांनी मॅडम दाराला आतून कडी घालतात, मग कितीही वाजवा. मेट्रोनी डेक्कनला उतरायचं आणि भिडे पुलावरून चालत यायचं हे बेस्ट, फक्त पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल गायब, मग लकडी पुलाचा वळसा. वर्गात बाकं आहेत, खरोखरची शाळेची बाकं, मोठ्या माणसांचे पाय मावत नाहीत. फळा खडूचा. पंखा एक, तो मॅडमच्या डोक्यावर.

बॅच मात्र भारी मिळाली. हिंजवडीतली दोन मुलं, एक लक्ष्मी रोडवर साड्यांच्या दुकानात काउंटरला असतो तो, एमपीएससी करणाऱ्या तीन मुली, एक वहिनी ज्यांची लेक सिडनीत आहे आणि जावई तिकडचाच, आणि बँकेतून रिटायर झालेले एक काका. काकांचं इंग्लिश आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं आहे, ते फक्त वाद घालायला येतात असं माझं मत. पण त्यांच्यामुळेच क्लासला मजा आहे, पुढे येईलच.

पद्धत अशी की मॅडम आल्या आल्या फळ्यावर वाक्प्रचार लिहितात आणि अर्थ सांगत नाहीत. अर्थ तुम्हाला माहीतच असतो, नसेल तर मोबाइलवर बघा म्हणतात, त्यासाठी माझ्याकडे कशाला यायचं. मग प्रत्येकानी आपल्या घरातलं किंवा कामाच्या ठिकाणचं एक वाक्य करायचं, पुस्तकातलं चालत नाही, आणि ते वाक्य कुठे फसलं त्यावर पुढचा सगळा तास. मी याआधी मोबाइलवर एक ॲप वापरत होते, रोज सकाळी एक वाक्प्रचार टुणकन यायचा, अर्थ, एक उदाहरण, हिरवी बरोबरची खूण, झालं. त्यातले बरेच अर्थ मला आजही तोंडपाठ आहेत आणि एकही कधी तोंडातून बाहेर पडलेला नाही. कारण कुणाशी, कुठे, कुठल्या सुरात बोलायचं ते ॲप सांगतच नाही, आणि आपली भीती तर तिथेच असते ना, की बोललो आणि समोरचा हसला तर.

आता उदाहरण म्हणून एक पूर्ण शनिवार सांगते, वन्स इन अ ब्लू मून चा. अर्थ सगळ्यांना माहीत, क्वचित, कधीतरी फार दिवसांनी, आपल्याकडे सठीसहामाशी म्हणतात तसं. शाळेपासून ऐकलेला, त्यामुळे सगळे निवांत होते की आज काय सोप्पंय.

पहिलं वाक्य हिंजवडीच्या मुलाचं, "माय मॅनेजर स्माइल्स वन्स इन अ ब्लू मून". एकदम पास, टाळ्या. मग साडीवाल्याचं, "कस्टमर्स बाय प्युअर पैठणी वन्स इन ब्लू मून". मॅडम म्हणाल्या वाक्य चांगलंय, दुकानातलं आहे, पण ब्लूच्या आधीचा तो छोटा अ कुठे गेला? हा अ आपल्याकडून हमखास गळतो, तिथे बसलेल्या निम्म्या जणांच्या वहीत गळलेला होता, आणि मॅडमचं म्हणणं असं की वाक्प्रचार म्हणजे ठोकळा, त्यातली एक चीप उडाली तरी ऐकणाऱ्याला लगेच कळतं. बरं तो अ ठासून ए असा म्हणायचा नाही, नुसता ओझरता. वन्सिनअ असं एका श्वासात. मग सगळ्यांनी चार-पाच वेळा मोठ्यांदा म्हटलं, खालच्या अमृततुल्यवाल्याला काय वाटलं असेल माहीत नाही.

खरी गंमत नंतर. एमपीएससीवाल्या एकीनी लिहिलं, "माय ब्रदर गॉट मॅरीड वन्स इन अ ब्लू मून". पाच सेकंद शांतता आणि मग सगळा वर्ग फुटला, ती स्वतः पण. पण चूक नेमकी काय हे मात्र कुणालाच धड सांगता येईना. मॅडमनी सांगितलं की ज्या गोष्टी पुन्हा पुन्हा होतात, फक्त फार अंतरानी होतात, त्यांनाच हे लावायचं, एकदाच घडून गेलेल्या गोष्टीला नाही. या वाक्यातून भाऊ मधूनमधून लग्न करतो असा वास येतो. हे कुठल्या पुस्तकात असेलही, पण मी तरी यादीत कधी वाचलेलं नाही.

वहिनींचं वाक्य, "आय डोन्ट ईट आउटसाइड वन्स इन अ ब्लू मून". त्यांना म्हणायचं होतं की मी जवळजवळ खातच नाही बाहेर. इथे डोन्ट नको, कारण क्वचितपणा वाक्प्रचारातच बसलेला आहे, वर परत "नाही" जोडलं की वाक्याचा अर्थच लागत नाही. नुसतं आय ईट आउट वन्स इन अ ब्लू मून. आणि जागा बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी, पण जोर द्यायचा असेल, थोडं खवचट व्हायचं असेल तर सुरुवातीला पण चालतं, वन्स इन अ ब्लू मून माय हजबंड मेक्स टी. हे वाक्य मी केलं होतं आणि ते वर्गाबाहेर जाऊ नये अशी माझी इच्छा होती पण आता मीच लिहितेय.

काकांनी त्यांच्या स्टाइलनी अवघड टाकलं. नाशिकचा कुंभमेळा बारा वर्षांनी येतो, मग कुंभमेळा वन्स इन अ ब्लू मून म्हणायचं की नाही? मॅडम म्हणाल्या नाही. का नाही, बारा वर्षं म्हणजे क्वचितच की! तर नाही, कारण तो ठरलेला आहे, तारखा आधी जाहीर होतात, मग सरळ एव्हरी ट्वेल्व्ह इयर्स म्हणा. ब्लू मून ज्याचा नेम नाही त्याला. चुलतभाऊ कधी फोन करेल सांगता येत नाही, वर्षात एकदा करेल नाहीतर दोन वर्षांनी करेल, तो ब्लू मून. काकांना पटलं नाही हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं पण ते थांबले, पुढचा दारूगोळा भरत होते.

आणि मला सगळ्यात कामाचा वाटलेला भाग म्हणजे हे कुठे वापरायचं नाही. हा शब्दप्रयोग बोलण्यातला आहे, गप्पांमधला. रजेच्या अर्जात आय टेक लीव्ह वन्स इन अ ब्लू मून लिहिलं तर एचआरवाली हसेल, रजा देणार नाही, तिथे रेअरली लिहा आणि गप्प बसा. दुसरं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर वापरला की तो टोमणा होतो. यू कॉल अस वन्स इन अ ब्लू मून, हे आई मुलाला म्हणू शकते, मैत्रीण मैत्रिणीला म्हणू शकते, पण क्लायंटला म्हटलंत तर तो काय समजायचं ते समजतो. वहिनी यावर एकदम गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या मी जावयाला अगदी हेच म्हणाले होते मागच्या व्हिडिओ कॉलला, मला वाटलं किती छान इंग्लिश बोलले मी. जावयानी त्यानंतर आठवड्यात दोनदा फोन केला म्हणे, म्हणजे टोमणा पोचला.

इथपर्यंत पाऊण तास झाला होता. मग काकांनी तोफ डागली. म्हणाले, मॅडम हे ब्लू मून ब्लू मून काय करताय, हा आपला अधिक महिना आहे, इंग्रजांना कळला नाही म्हणून त्यांनी निळा रंग फासला.

मॅडमनी खडू ठेवला आणि म्हणाल्या या, फळ्यावर सिद्ध करा. आणि काका आले की! लिहिलं, चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा, असे बारा झाले की ३५४ दिवस, सूर्याचं वर्ष ३६५ चं, दर वर्षाला ११ दिवसांची तूट. ही तूट साचत साचत साधारण साडेबत्तीस महिन्यांनी अख्खा महिना होते, तो अधिक मास, धोंड्याचा महिना, म्हणून तर जावयाला वाण देताना ३३ अनारसे. आता इंग्लिश कॅलेंडर चंद्राला काही विचारत नाही, पण चंद्र त्याच्या पौर्णिमा करतोच, मग ती जास्तीची पौर्णिमा कुठल्यातरी महिन्यात दुसरी म्हणून येऊन बसते, तोच यांचा ब्लू मून. १९ वर्षांचे महिने २२८, पौर्णिमा २३५, शिल्लक ७. आणि आपल्या पंचांगात १९ वर्षांत अधिक महिने किती? ७. काकांनी खडू आपटला. वर्गात शिट्टी वाजली, कुणी वाजवली माहीत नाही, बहुतेक साडीवाला.

खरं सांगायचं तर मी घरी येऊन कालनिर्णय काढलं आणि जुनी वर्षं मोबाइलवर तपासली. २०२० मध्ये अधिक आश्विन होता आणि ३१ ऑक्टोबरला महिन्यातली दुसरी पौर्णिमा. २०२३ मध्ये अधिक श्रावण संपला १६ ऑगस्टला आणि ३१ ऑगस्टला ब्लू मून, तोच तो सुपर ब्लू मून, चांद्रयान उतरून आठवडा झाला होता म्हणून सगळे तसेही चंद्रमय झालेले. आणि २०२६ तर कहर आहे, १ मेला बुद्धपौर्णिमा, ३१ मेला परत पौर्णिमा, आणि ही ३१ ची अधिक ज्येष्ठातच पडते. काकांना हे मी ग्रुपवर टाकलं तर त्यांनी नुसता अंगठा पाठवला.

पण मॅडम काही कच्च्या नाहीत. त्या म्हणाल्या हिशोब एकच आहे हे कबूल, पण वस्तू एक नाही. अधिक महिना संक्रांतीवरून ठरतो, ज्या चांद्रमासात सूर्य रास बदलत नाही तो अधिक, ती आकाशातली गोष्ट झाली. महिन्यात दोन पौर्णिमा ही कॅलेंडरच्या पानाची गोष्ट, पान कुठे फाडलं त्यावर ठरतं. म्हणून तर २०१८ साली जानेवारीत दोन पौर्णिमा आल्या, फेब्रुवारीत एकही नाही, आणि मार्चमध्ये परत दोन. एका वर्षात दोन ब्लू मून, आणि अधिक महिना मात्र एकच, ज्येष्ठ, तोही मे-जूनमध्ये. काका म्हणाले फेब्रुवारी हा महिनाच नाही मुळात. यावर काय बोलणार.

आणि मग मॅडमनी जे सांगितलं ते मला तरी नवीन होतं. आपण सगळे समजतो की महिन्यात दोन पौर्णिमा क्वचित येतात म्हणून ही म्हण पडली. उलटं आहे. म्हण आधीची, व्याख्या मागाहून चिकटवलेली. १५२८ सालच्या एका इंग्लिश पुस्तिकेत चंद्र निळा असल्याचा उल्लेख आहे आणि तो चर्चच्या पाळकांची टर उडवायला, म्हणजे ते म्हणाले चंद्र निळा की आपण पण निळाच म्हणायचं अशा अर्थानी. तेव्हा निळा चंद्र म्हणजे अशक्य, थाप. पुढे कधीतरी त्याचं कधीच नाही वरून क्वचित झालं, आणि १८२१ मध्ये ब्लू मून हा फार दिवसांनी अशा अर्थानी छापलेला मिळतो. मग दोन पौर्णिमांचं काय? तर अमेरिकेत मेन नावाच्या राज्यात शेतकऱ्यांचं एक पंचांग निघायचं, त्यात ब्लू मून म्हणजे वेगळंच काहीतरी, एका ऋतूत तीनऐवजी चार पौर्णिमा आल्या तर त्यातली तिसरी. १९४६ मध्ये स्काय अँड टेलिस्कोप या मासिकात जेम्स ह्यू प्रुएट नावाच्या हौशी खगोलवाल्यानी त्याचा चुकीचा अर्थ लावला आणि महिन्यातली दुसरी पौर्णिमा असं लिहून टाकलं, ते सोपं होतं म्हणून पसरलं, आणि त्याच मासिकानी १९९९ मध्ये आमचं चुकलं होतं म्हणून छापलं. तोपर्यंत जगानी पाठ केलं होतं. त्या जुन्या व्याख्येनी बघाल तर २०२१ आणि २०२४ च्या राखीपौर्णिमा ब्लू मून होत्या, दोन्ही ऑगस्टमधल्या, ओवाळताना कुणाला पत्ता तरी होता का.

चंद्र त्या दिवशी निळा दिसतो का हा प्रश्न एमपीएससीवाल्या मुलीनी विचारला, तिला जीएसच्या पेपरला येईल असं वाटलं असणार. नाही दिसत, नेहमीसारखाच दिसतो. खरंच निळा दिसायचा तर हवेत ठरावीक मापाचे बारीक कण लागतात, जे तांबडा प्रकाश जास्त पांगवतात आणि निळा पुढे येऊ देतात. १८८३ मध्ये जावा-सुमात्राच्या मध्ये क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला त्यानंतर लोकांनी निळे-हिरवे चंद्र पाहिले, आणि १९५० मध्ये कॅनडात जंगलं पेटली त्याच्या धुरानी स्कॉटलंड-इंग्लंडमध्ये सूर्य आणि चंद्र दोन्ही निळे दिसले. त्याला पौर्णिमाच लागते असंही नाही.

आता तुम्ही म्हणाल एवढं सगळं कशाला, क्वचित एवढा अर्थ कळला की पुरे. मला पण वाटायचं. पण त्या शनिवारनंतर हा वाक्प्रचार मी ऑफिसमध्ये, फोनवर, लेकीच्या शाळेत पेरेंट टीचर मीटिंगला सहज बोलून गेले आणि बोलायच्या आधी मनात वाक्य जुळवायला लागलं नाही, हा फरक आहे. वाद घालून डोक्यात गेलेली गोष्ट वेळेला बाहेर येते, ॲपवरची येत नाही.

बाकीचे शनिवार सगळेच इतके रंगतात असं नाही. ब्रेक अ लेग चा चांगला झाला, कारण साडीवाल्याचा पुतण्या कॉलेजच्या टीममधून पुरुषोत्तम करंडकला उतरणार होता आणि भरत नाट्य मंदिरच्या विंगेत त्याला काय म्हणायचं यावरून विषय निघाला, रंगमंचावर जाणाऱ्याला शुभेच्छा म्हणून म्हणायचं ते, ऑपरेशनला जाणाऱ्याला नाही एवढं पक्कं बसलं. पिंच ऑफ सॉल्ट, म्हणजे ऐकलेल्यावर पूर्ण विश्वास ठेवायचा नाही तो, ठीक होता, ब्रिटिश लोक पिंच म्हणतात अमेरिकन ग्रेन म्हणतात, दोन्ही चालतं. नो वरीज वहिनींसाठी खास घेतला, ऑस्ट्रेलियात थँक यू म्हटलं की हेच उत्तर येतं, वहिनींना वाटायचं जावई आपल्याला कसलीतरी काळजी करू नका सांगतोय आणि लपवतोय काहीतरी. पास्ड आउट वर मात्र हिंजवडीची मुलं हादरली, आपण सगळे रिझ्युमेत आय पास्ड आउट इन अमुक साल लिहितो आणि बाहेरच्या माणसाला ते त्या साली चक्कर येऊन पडलो असं वाचता येतं. डू द नीडफुल ला मॅडम हात लावत नाहीत, तो आपलाच झालाय आता, राहू दे म्हणतात. माझं पण हेच मत.

पीस ऑफ केक, म्हणजे अगदी सोपं काम, याचा तास फुकट गेला. त्यात शिकवण्यासारखं काहीच नव्हतं, वीस मिनिटांत संपलं आणि मग मॅडमनी त्यांच्या कॉलेजच्या दिवसांतल्या बेकरीच्या आठवणी सांगितल्या. ऐकायला मजा आली पण पावणेचारशे रुपये.

तक्रारी अजून आहेत. नोट्स मिळत नाहीत, मागितल्या तर वही कशाला आणलीय विचारतात. एक झेरॉक्सची पुस्तिका देतात सुरुवातीला, तिचे वेगळे दीडशे रुपये, आणि ती इतक्यांदा कॉपीची कॉपी झालीय की पान सातच्या पुढे अक्षरं दिसतच नाहीत, हे त्यांना सगळ्या बॅचनी सांगून झालंय. एक शनिवार बुडला तर तो वाक्प्रचार गेला, दुसऱ्या बॅचला बसू देत नाहीत, रेकॉर्डिंग नाही. गणपतीत दोन शनिवार सुट्टी आणि ते भरून देत नाहीत, बाहेर ढोल-ताशांच्या आवाजात शिकवणं शक्य नाही हे मान्य, पण फीमध्ये तरी धरायला नको का? डेमो लेक्चर नाही. आवडलं नाही तर पैसे परत, हा प्रकारच नाही, तसं लिहिलेली पाटी जिन्यातच लावलीय, वर चढायच्या आधीच कळावं म्हणून. आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर इंग्लिशच लिहायचा नियम आहे जो फक्त मॅडम पाळतात, बाकी सगळे सूर्योदयाचे फोटो.

उच्चारांवर पण अजून काम घ्यायला हवं असं मला वाटतं. मॅडम स्वतः जुन्या पद्धतीचं, बीबीसीछाप बोलतात, ऐकायला छान, पण हिंजवडीवाल्यांना अमेरिकन क्लायंटशी बोलायचं असतं आणि वहिनींना सिडनीशी, त्यांचे कान तयार व्हायला इथे काही होत नाही. एक स्पीकर आणि दोन-चार ऑडिओ क्लिप एवढ्यानी भागलं असतं. सुचवलं मी. विचार करू म्हणाल्या, म्हणजे नाही.

कुणी यावं? ज्यांना इंग्लिश वाचता येतं, समजतं, कामापुरतं बोलता पण येतं, पण बोलणं सरकारी पत्रासारखं कोरडं निघतं, त्यांनी डोळे झाकून यावं. ज्यांना साधं वाक्यच जमत नाही त्यांना इथे त्रास होईल, मॅडम मराठीत समजावतात पण थांबत नाहीत, आमच्याबरोबरचे दोघं तिसऱ्या आठवड्यापासून दिसलेच नाहीत. मुलाखत पुढच्या महिन्यात आहे अशा घाईवाल्यांनी तर अजिबात नको, बारा वाक्प्रचारांवर मुलाखत निघत नाही. लहान मुलांना घेत नाहीत. आणि काकांसारखे कुणी घरात असतील, रिटायर झालेले, वाद घालायला माणूस शोधत असलेले, तर त्यांना आधी पाठवा, घरी शांतता मिळेल.

ऑनलाइन बॅच पण आहे, रविवारी सकाळी, फी हजारानी कमी. मैत्रिणीनी केली होती. तिथे सगळे म्यूटवर बसतात, वाक्यं चॅटमध्ये टाइप करतात आणि कुणी कुणाला हसत नाही, त्यामुळे जे इथे चुकीच्या वाक्यावर अर्धा तास होतं ते तिथे दोन मिनिटांत उरकतं. हजार रुपये वाचवू नका, जिना चढा. नवीन बॅच दिवाळीनंतर आणि जूनमध्ये सुरू होते, नावं मॅडम स्वतः वहीत लिहून घेतात, फक्त शनिवारी पावणेपाचला, फोनवर नाही.